बाईल अ‍ॅसिड वाढलंय पण बिलीरुबिन नॉर्मल! लिव्हरच्या पेशीत नक्की चालतं काय?

सोनसळी
नमस्कार मंडळी. वहिनीला आठवा महिना लागलाय आणि रात्री तळहात-तळपायांना एवढी खाज सुटते की डोळ्याला डोळा लागत नाही. पुरळ नाही, चट्टे नाहीत, नुसती खाज. घरात सगळ्यांनी 'पोट ताणलं की होतंच, खोबरेल चोळ' म्हणून सांगितलं आणि ती बिचारी चोळत बसली. शेवटी तपासणीच्या वेळी सहज बोलली तर डॉक्टरीणबाईंनी लगेच एलएफटी (लिव्हरची नेहमीची रक्ततपासणी) आणि त्याच्याबरोबर सीरम बाईल अ‍ॅसिड अशी एक वेगळी टेस्ट लिहून दिली. रिपोर्ट असा आहे: बिलीरुबिन ०.७ म्हणजे नॉर्मल, एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी दुखावल्या की वाढणारं एन्झाइम) ८८, बाईल अ‍ॅसिड ४६ मायक्रोमोल. लॅबच्या कागदावर १० पर्यंत नॉर्मल लिहिलंय. गरोदरपणातला कोलेस्टॅसिस, म्हणजे पित्त तुंबणं, असं निदान झालंय, अर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिडची गोळी चालू आहे आणि बाळावर लक्ष ठेवतायत.

उपचार विचारायला धागा काढलेला नाही, ते डॉक्टर बघतायत. माझ्या डोक्यात एकच किडा वळवळतोय, बिलीरुबिनही पित्तातूनच बाहेर पडतं आणि बाईल अ‍ॅसिडही पित्तातूनच, मग एक अगदी नॉर्मल आणि दुसरं चौपटीच्या वर कसं? पित्त तुंबलं असेल तर दोन्ही तुंबायला नकोत का? मी बीकॉमवाली, त्यामुळे जरा सोपं करून सांगा.

टवाळ_कार्टं
रुमाल टाकून ठेवतोय. जाणकारांच्या प्रतिक्षेत.

पिंपळपान
आमच्याकडे काविळीचं औषध देणारे एक बाबा आहेत, तीन रविवार घ्यायचं, पथ्य फक्त तेलकटाचं. गुण येतोच. पत्ता हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खवचट_काका
पिंपळपान, अहो बिलीरुबिन ०.७ आहे तिचं, कावीळ कुठाय? आणि आठव्या महिन्यात कुठलातरी पाला वाटून लिव्हरवर प्रयोग करायचे? मुकाट्याने व्यनि बंद करा.

चंद्रकोर
काकांना +१. सोनसळी, गरोदरपणात झाडपाल्याचं काहीही देऊ नका, काही वनस्पतींनी लिव्हरलाच इजा होते आणि मग रिपोर्टमध्ये गोळाबेरीज कशाची झालीय ते डॉक्टरांनाही कळेनासं होतं.

आता प्रश्नाकडे. मी पेशंट बघणारी डॉक्टर नाही पण पीएचडीची सगळी वर्षं याच विषयात गेली, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

बिलीरुबिन हा कचरा आहे. जुन्या लाल पेशी मोडल्या की त्यातल्या हीमपासून तयार होतो, लिव्हर त्याला पाण्यात विरघळेल असा करून बाहेर टाकते, परत नको असतो. बाईल अ‍ॅसिडचं तसं नाही, तो माल आहे. लिव्हरची पेशी कोलेस्टेरॉलपासून ते स्वतः बनवते, डझनाहून जास्त एन्झाइम लागतात त्याला, आणि पहिली पायरी करणारं सीवायपी७ए१ नावाचं एन्झाइम किती चालतं त्यावर एकूण उत्पादन ठरतं. तयार होतात दोन मुख्य, कोलिक अ‍ॅसिड आणि किनोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड. मग त्यांना ग्लायसिन नाहीतर टॉरिन हे अमिनो अ‍ॅसिड जोडलं जातं, माणसात ग्लायसिनवाले साधारण तिप्पट. हे जोडल्यामुळे ते पाण्यात नीट विरघळतात आणि पेशीच्या आवरणातून आपोआप आरपार जाऊ शकत नाहीत, यायला-जायला दार लागतं. हे 'दार लागतं' लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

एवढ्या कष्टाने बनवलेलं एकदा वापरून कोण फेकून देईल. जेवणानंतर पित्ताशयातून आतड्यात उतरलं, चरबी फोडून झाली, की लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात ९५ टक्के परत शोषलं जातं आणि पोर्टल शिरेतून सरळ लिव्हरला परत. अख्ख्या शरीरात हा साठा जेमतेम ३ ग्रॅमच्या आसपास, पण दिवसातून ६ ते १० फेऱ्या मारतो. शौचातून जातं ते रोज साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढंच लिव्हर नवीन बनवते. म्हणजे लिव्हरच्या पेशीचं रोजचं खरं काम बनवण्याचं कमी आणि आलेलं पकडून पलीकडे ढकलण्याचं जास्त.

खवचट_काका
म्हणजे आमच्या सोसायटीतल्या पाण्याच्या जारसारखं. वीस लिटरचे तेच ते जार फिरतात, रिकामे झाले की परत, भरले की परत दारात, आणि जे फुटतात किंवा कोणी ढापतं तेवढेच तो नवीन विकत घेतो.

चंद्रकोर
काका, परफेक्ट. फक्त हे जार भरलेले असताना धोकादायक असतात, कारण बाईल अ‍ॅसिड म्हणजे शुद्ध डिटर्जंट. आतड्यात ते चरबी फोडतं, पण पेशीच्या आत साठलं तर तिथल्या मायटोकॉन्ड्रियाची आवरणंही सोडत नाही. म्हणून पेशी त्याला फार वेळ आत ठेवतच नाही.

आता दारं. लिव्हरच्या पेशीला दोन तोंडं असतात, एक रक्ताकडे आणि दुसरं शेजारच्या पेशीला लागून, जिथे दोन पेशींच्या मध्ये साधारण एक मायक्रॉन रुंदीची नळी असते, तिला कॅनॅलिक्युलस म्हणतात, पित्त तिथे सुरू होतं. रक्ताकडच्या तोंडावर एनटीसीपी नावाचं प्रोटीन बसलेलं असतं, ते दोन सोडियमच्या जोरावर एक बाईल अ‍ॅसिड आत ओढतं. पोर्टल शिरेतून आलेल्यापैकी ७० ते ९० टक्के पहिल्याच फेरीत पकडलं जातं. आत ते प्रोटीनला चिकटून पलीकडच्या टोकाला जातं, वाटेत ज्यांचं ग्लायसिन-टॉरिन आतड्यातल्या बॅक्टेरियांनी तोडलेलं असतं त्यांना ते पुन्हा जोडलं जातं. आणि मग बाहेर पडायचं दार, बीएसईपी. इथेच घोडं पेंड खातं. कारण नळीत बाईल अ‍ॅसिड आधीच पेशीतल्यापेक्षा शेकडो पट दाट असतं आणि तरी अजून आत कोंबायचंय, त्यासाठी दर वेळी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळावं लागतं. अख्ख्या फेरीतला सगळ्यात अवघड टप्पा हाच आणि बिघडतो तोही बहुतेक वेळा हाच.

आता बिलीरुबिन. तो त्याच नळीत जातो पण वेगळ्या दाराने, एमआरपी२. त्यामुळे बीएसईपी अडखळलं तरी एमआरपी२ चालू असेल तर बाईल अ‍ॅसिड रक्तात वाढतं आणि बिलीरुबिन मजेत नॉर्मल राहतं. याची बरोबर उलटी केस पण आहे, डुबिन-जॉन्सन सिंड्रोम, त्यात जन्मतः एमआरपी२ खराब, डोळे पिवळे पण बाईल अ‍ॅसिड नॉर्मल आणि खाज नाही. तुंबणं खूप वाढलं तर अर्थात बिलीरुबिनही चढतं, कारण पित्ताचा प्रवाहच मुळात बाईल अ‍ॅसिड ओढत असलेल्या पाण्यावर चालतो. पण आधी कळतं ते बाईल अ‍ॅसिडवरून. वहिनींच्या डॉक्टरांनी ती टेस्ट वेगळी लिहून दिली हे फार चांगलं केलं, नुसत्या बिलीरुबिनवर गेल्या असत्या तर 'सगळं ठीक आहे' म्हणून घरी आल्या असत्या.

सोनसळी
बाप रे, एवढं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. पण मग गरोदरपणातच ते दार का अडखळतं? आणि आठव्या महिन्यातच का?

चंद्रकोर
हॉर्मोन्स. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन शेवटच्या तिमाहीत सगळ्यात जास्त असतात आणि त्यांची विल्हेवाटही लिव्हरच लावते. इस्ट्रोजेनचा एक ग्लुकुरोनाइड (बाहेर टाकण्यासाठी लिव्हरने साखरेसारखा तुकडा जोडलेलं रूप) एमआरपी२ मधून नळीत जातो आणि तिथून, म्हणजे बाहेरच्या बाजूने, बीएसईपीला अडवतो. प्रोजेस्टेरॉनचे सल्फेट लावलेले अवशेष एनटीसीपी आणि बीएसईपी दोन्हींच्या आड येतात. बहुतेक बायकांची दारं हे सहन करतात. काहींमध्ये मुळातच एबीसीबी११, म्हणजे बीएसईपीचं जीन, किंवा एबीसीबी४ या जीनमध्ये छोटा फरक असतो, एरवी कधी कळतही नाही, पण हॉर्मोनचा भार पडला की उघडं पडतं. त्यामुळे डिलिव्हरीनंतर बहुधा आपोआप ओसरतं, आणि पुढच्या गरोदरपणात परत होण्याची शक्यता बरीच असते.

अजून एक गोष्ट, मला स्वतःला ही सगळ्यात भारी वाटते. पेशीला आत बाईल अ‍ॅसिड वाढलंय हे कळतं कसं? केंद्रकात एफएक्सआर नावाचा रिसेप्टर, म्हणजे खबर घेणारं प्रोटीन, असतो, १९९९ साली तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की बाईल अ‍ॅसिड थेट त्यालाच जाऊन चिकटतं. तो जागा झाला की एका फटक्यात बरीच कामं होतात, सीवायपी७ए१ बंद म्हणजे नवीन उत्पादन बंद, एनटीसीपी कमी म्हणजे आत घेणं कमी, बीएसईपी जास्त म्हणजे ढकलणं जास्त, आणि रक्ताच्या बाजूला एरवी फारसा न वापरलेला ओएसटी नावाचा मागचा दरवाजा उघडतो, म्हणजे पलीकडे जात नाही तर आल्या पावली रक्तात परत. वहिनींच्या रिपोर्टमधला ४६ आकडा बऱ्याच अंशी हाच आहे. पकडायचं राहिलेलं आणि मागच्या दाराने सोडून दिलेलं. पेशीने स्वतःचा जीव वाचवल्याची ती खूण आहे, फक्त त्याची किंमत बाकीच्या शरीराला मोजावी लागते.

आतड्यातही हाच एफएक्सआर असतो, तिथून एफजीएफ१९ नावाचा निरोप रक्तातून लिव्हरला जातो, 'भरपूर परत येतंय, नवीन बनवू नकोस'.

रेडिंगकर
इथे इंग्लंडमध्ये मुलीच्या वेळी बायकोला हेच झालं होतं म्हणून लिहितोय. इथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या माहितीत स्पष्ट लिहिलंय की एकूण बायकांमध्ये साधारण ०.७ टक्के आणि भारतीय-पाकिस्तानी वंशाच्या बायकांमध्ये १.२ ते १.५ टक्के. म्हणजे आपल्यात दुप्पट आणि तरी आपल्याकडे खोबरेल. त्यांच्या २०२२ च्या नियमावलीत बाईल अ‍ॅसिड १९ ते ३९ असेल तर सौम्य, ४० ते ९९ मध्यम आणि १०० च्या वर तीव्र असं धरतात. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये मोठं विश्लेषण आलं होतं, त्यात ४० च्या खाली बाळ पोटात दगावण्याचं प्रमाण ०.१३ टक्के, ४० ते ९९ मध्ये ०.२८ आणि १०० च्या वर ३.४४ टक्के. घाबरवायला लिहीत नाहीये, उलट ४६ म्हणजे त्या खऱ्या धोक्याच्या रेषेपासून लांब आहे हे सांगायला. पण टेस्ट परत परत करून घ्या, आकडा पुढे सरकतो का ते बघायला.

सोनसळी
रेडिंगकर धन्यवाद, हे आईला वाचून दाखवलं, जरा शांत झाली. अजून एक शंका. रक्त दुपारी जेवून गेल्यावर दिलं होतं, लॅबवाल्याने उपाशीपोटी वगैरे काही विचारलंच नाही. मग ४६ खरं धरायचं का?

चंद्रकोर
खरंच धरायचं, फक्त तो जेवणानंतरचा आकडा आहे हे डॉक्टरांना सांगा. जेवलं की पित्ताशय आकुंचन पावतं, साठलेलं सगळं आतड्यात, तिथून पोर्टल शिरेत, लिव्हरवर एकदम लोंढा येतो, आणि पहिल्या फेरीत न पकडलेले १०-३० टक्के हाताच्या शिरेत दिसतात. त्यामुळे निरोगी माणसाचंही जेवणानंतर वाढतं. रेडिंगकरांनी सांगितलेली १९ ची रेषा न-उपाशी रक्तासाठीच आहे, लॅबच्या कागदावरची १० उपाशीपोटीची असते. बाळाच्या दृष्टीने दिवसातला सगळ्यात चढा आकडा महत्त्वाचा, म्हणून जेवणानंतर घेतलेलं रक्त वाया जात नाही. पुढच्या वेळी मात्र त्याच लॅबमध्ये आणि तशाच वेळी द्या, म्हणजे तुलना करता येईल.

मालवणी_मसाला
आमच्याकडे मासा साफ करताना पित्त फुटलं की आख्खं कालवण कडू, म्हणून आई ती हिरवी पिशवी फार जपून काढते. तेच का हे? आणि एक चुलतमामा डायबिटीसवर म्हणून रोहूचं पित्त कच्चं गिळायचे कुठूनतरी ऐकून.

चंद्रकोर
मामांना आधी थांबवा!! कार्प जातीच्या माशांच्या, म्हणजे रोहू-कटल्याच्या, पित्तात आपल्यासारखी बाईल अ‍ॅसिड नसून बाईल अल्कोहोलचे सल्फेट असतात, सायप्रिनॉल. ते माणसाच्या किडनीला आणि लिव्हरला विषारी आहे. पित्त गिळून किडनी फेल झालेल्या, डायलिसिसवर गेलेल्या पेशंटच्या केसेस भारतातूनही छापून आल्यात. साखर उतरायची दूरच, माणूस हातचा जायचा.

झुळूक
माझं गॉल ब्लॅडर काढलंय खड्यांमुळे. मग माझ्याकडे पित्त कुठे साठतं? आणि तेव्हापासून तेलकट खाल्लं की पळावं लागतं त्याचा या सगळ्याशी संबंध आहे का? शिवाय डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी इसबगोल पण सांगितलंय.

चंद्रकोर
झुळूक, साठत नाही, लिव्हर बनवत राहते आणि ते दिवसभर थेंब थेंब आतड्यात उतरत राहतं. काही लोकांमध्ये त्यामुळे जास्तीचं बाईल अ‍ॅसिड मोठ्या आतड्यात पोचतं, तिथे ते पाणी सोडायला लावतं आणि पळापळ. हे फार असेल तर डॉक्टरांना सांगा, बाईल अ‍ॅसिडला धरून ठेवणारी कोलेस्टिरामिनसारखी औषधं असतात.

इसबगोलाचं उत्तर वरच्या हिशोबातच आहे. ते आतड्यात थोडं बाईल अ‍ॅसिड अडकवून बाहेर नेतं, परत येणारं कमी झालं की ती तूट भरायला लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलून नवीन बनवते, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं उतरतं. कोलेस्टिरामिन हेच काम जोरात करतं.

टवाळ_कार्टं
चंद्रकोर ताई, लॅबमध्ये हे सगळं दिसतं कसं? एक मायक्रॉनच्या नळीत काय चाललंय हे कोण बघतं? की नुसती बोलाची कढी?

चंद्रकोर
डोळ्यांनी दिसतं. लिव्हरच्या पेशी नुसत्या प्लेटमध्ये ठेवल्या तर एक-दोन दिवसात सपाट होतात, आपली दोन तोंडं कुठली हेच विसरतात आणि एनटीसीपी तर झपाट्याने उतरतं. म्हणून खाली कोलॅजन, वर कोलॅजन आणि मध्ये पेशी असं दाबून ठेवायचं. मग हळूहळू पेशींच्या मधल्या सांध्यांवर नळ्या तयार होतात, मायक्रोस्कोपखाली चमकत्या रेघांसारख्या दिसतात. त्यात चमकणारा रंग जोडलेलं बाईल अ‍ॅसिड टाकलं की आधी पेशी फिकट हिरव्या होतात आणि थोड्या वेळाने पेशी विझतात आणि मधल्या रेघा झगझगीत पेटतात. बीएसईपी अडवणारं औषध टाकलं तर रेघा पेटतच नाहीत, पेशीच हिरव्या राहतात. मोजायचं असेल तर आणखी गंमत, पाण्यातलं कॅल्शियम काढून घ्यायचं, त्याबरोबर पेशींमधले सांधे उघडतात आणि नळीतला माल बाहेर सांडतो. कॅल्शियम असताना आणि नसताना यातला फरक म्हणजे पित्तात गेलेलं.

औषध कंपन्या आता नवीन गोळी बाजारात आणायच्या आधी बीएसईपीची चाचणी घेतात ते उगाच नाही. ट्रोग्लिटाझोन नावाचं डायबिटीसचं औषध लिव्हर खराब होतं म्हणून २००० साली अमेरिकेत मागे घ्यावं लागलं, ते आणि त्याचं सल्फेट दोन्ही बीएसईपी अडवतात असं आढळलंय, नुकसानीमागच्या कारणांपैकी ते एक धरतात.

आणि एनटीसीपीवरून आठवलं. हिपॅटायटिस बीचा विषाणू लिव्हरच्या पेशीत शिरतो कुठून हे कितीतरी वर्षं कोडं होतं. लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या हेपजी२ नावाच्या लिव्हरच्या पेशींना तो बाहेरून लागतच नव्हता. २०१२ मध्ये बीजिंगच्या गटाने दाखवलं की तो बाईल अ‍ॅसिडच्याच दाराला, एनटीसीपीला, धरून आत येतो, आणि हेपजी२ मध्ये ते दारच नावापुरतं होतं! माणसाचं एनटीसीपी घातल्यावर लागण व्हायला लागली. आता तेच दार अडवणारं बुलेव्हिर्टाइड नावाचं औषध हिपॅटायटिस डीसाठी युरोपात मिळतं, आणि ते घेणाऱ्यांच्या रक्तात बाईल अ‍ॅसिड वाढतं, पण लिव्हरला काही होत नाही, कारण पेशीच्या आत ते गेलेलंच नसतं.

खवचट_काका
अवांतर: १९२७ चं केमिस्ट्रीचं नोबेल हाइनरिश वीलँडला बाईल अ‍ॅसिडच्या रचनेसाठी मिळालं आणि १९३२ मध्ये बर्नालच्या एक्स-रे कामानंतर लक्षात आलं की त्याने मांडलेली कड्यांची रचनाच चुकीची आहे. नोबेल काही परत मागितलं नाही.

सोनसळी
काका 😂
आमच्या घरात एक वेगळाच घोळ झालाय. कोणीतरी सांगितलं अर्सोची गोळी अस्वलापासून करतात, आजी म्हणते सुनेने ती घ्यायची नाही, कट्टर माळकरी आहे आमची आजी.

चंद्रकोर
अस्वलाच्या पित्तात ते भरपूर असतं म्हणून अशी वदंता. गोळीसाठी अस्वल मारत नाहीत. पण खोटं सांगणार नाही, बहुतेक माल गुरांच्या पित्तातल्या कोलिक अ‍ॅसिडपासून रासायनिक प्रक्रिया करून बनतो, त्यामुळे शाकाहारी म्हणता येणार नाही. आजींना काय आणि किती सांगायचं ते तुमच्या घरच्यांनी ठरवा, गोळी घेणारी आजी नाही, वहिनी आहे.

गोळीकडून अपेक्षाही बेताची ठेवा. ते कमी तिखट डिटर्जंट आहे, साठ्यात मिसळून बाकीच्यांची धार कमी करतं आणि पेशीला बीएसईपी दाराशी आणून बसवायला मदत करतं. पण २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये ६०५ गरोदर बायकांवर चाचणी झाली त्यात बाळाच्या बाबतीत फरक पडला नाही आणि खाजही थोडीच कमी झाली. म्हणून 'गोळी चालू आहे' या भरवशावर बाळाच्या हालचालींकडे दुर्लक्ष नको. आणि खाज व आकडा एकमेकांच्या प्रमाणात चालतीलच असं नाही, खाजेमागे बाईल अ‍ॅसिडशिवाय एलपीए नावाचा दुसराही एक पदार्थ असल्याचे पुरावे आहेत. खाज थांबली म्हणून टेस्ट सोडू नका.

सोनसळी
नाही सोडणार. आत्ताच वहिनीशी बोलले, तिच्या आईला पण तिशीतच पित्ताशयात खडे झाले होते आणि दोन्ही बाळंतपणात खाज होती म्हणे, तेव्हा कोणी तपासलंच नाही.

चंद्रकोर
हे डॉक्टरांना नक्की सांगा, फोन करूनच सांगा. कमी वयात खडे, गरोदरपणात खाज आणि आईकडून असा इतिहास म्हटल्यावर एबीसीबी४ कडे बोट जातं, म्हणजे एमडीआर३, हे नळीत लेसिथिन नावाचा चरबीसारखा पदार्थ सोडणारं दार. पित्तात लेसिथिन पुरेसं असेल तर डिटर्जंट त्याच्यात गुंतून राहतं आणि नळ्यांच्या अस्तराला चावत नाही, कमी पडलं तर खडेही होतात आणि अस्तरही दुखावतं. असेलच असं नाही, पण विचारण्यासारखं आहे. डिलिव्हरीनंतर महिन्याभराने एलएफटी आणि बाईल अ‍ॅसिड दोन्ही परत करून घ्या, नॉर्मलला आलं तर ठीक, नाही आलं तर लिव्हरवाल्या डॉक्टरांना दाखवा. आणि पुढे कधी इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या कोणी लिहून दिल्या तर हा रिपोर्ट आधी समोर ठेवा, फाइलमध्ये वरच लावून ठेवा.